माघ पौर्णिमेचं नाटक

कळसच्या रंगुबाई एरवी चार बायकांतल्या एक. ठेंगणी बांधणी, तुटक बोलणं, हाताला कायम लसणाचा वास. पण पौर्णिमेला पहाटे पांढरं लुगडं नेसून त्या विहाराकडं निघाल्या, की डेअरीला दूध घालायला चाललेली माणसं सायकल कडेला घ्यायची. "आज पुनव हाय वाटतं," असं एकमेकांना म्हणायची. त्या आळीत तारीख-तिथी बघायला कॅलेंडरपाशी कुणी जात नव्हतं.

पौर्णिमेला त्या अष्टशील पाळायच्या. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. बाराच्या आत एकदाच जेवायचं, मग नुसतं पाणी. फूल माळायचं नाही, अत्तर लावायचं नाही. गाणं, नाच, खेळतमाशा बघायचा नाही आणि ऐकायचाही नाही. उंच, गादीच्या आसनावर बसायचं नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्या विशीच्या होत्या. पाच शीलं तेव्हापासूनची. ही आठ मात्र सासू गेली त्या वर्षी सुरू केली, आणि मग एकही पौर्णिमा चुकवली नाही. अंगात ताप असतानासुद्धा नाही.

त्यांचे मालक नाना. सगळा गाव त्यांना नानाच म्हणायचा, म्हणून घरातही तेच नाव पडलेलं. नाना शिस्तीचे नव्हते, शिलाचे तर अजिबात नव्हते. तंबाखूची चंची कनवटीला, आणि गळा असा, की बांधावरून हाक मारली तर कॅनॉलपलीकडचं माणूस वळून बघायचं. तरुणपणी ते जलशात गायचे. गावोगाव फिरायचं, गाणी म्हणायची, सोंगं आणायची, झोपलेल्या माणसांना उठवायचं, असं ते काम. पुढं बरोबरीची माणसं पांगली आणि जलसा मोडला. नानांनी नांगर धरला. गाणं तेवढं उरलं, तेही पाणी धरताना.

नानांच्या मनात एक गोष्ट मात्र जुनी होती. रंगुबाईंचं माहेर बावडा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्रेपन्न साली, बावड्याच्या जत्रेत नाटक कंपनी आली होती. कनात, गॅसबत्त्या, पुढं लाकडी खुर्च्या, मागं सतरंज्या. ह्यांच्या वस्तीच्या माणसांनी बसायचं ते दोरीच्या बाहेर, धुरळ्यात. पैसे दिले तरी तिथंच. सतरा वर्षांची रंगू टाचा उंचावून बघत होती, तरी पुढच्याच्या पागोट्यापलीकडं काही दिसत नव्हतं. नानांनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"बस खाली. पाय दुखतील," ते म्हणाले. "एक दिस खुर्चीवर बसून नाटक बघू. तू आन मी, शेजारीशेजारी."

नवऱ्यानं चारचौघांत हात धरला ह्याचीच रंगूला इतकी लाज वाटली, की नाटक कसलं होतं तेही तिला पुढं आठवलं नाही. खुर्चीचं बोलणं तेवढं राहिलं.

बेचाळीस वर्षं ते नुसतं बोलणंच राहिलं. शेत, पोरं, रविंद्रचं डी.एड., त्याची बारामतीतली मास्तरकी, त्याचं लग्न. मग पंच्याण्णवच्या कार्तिकात नानांचा आवाज बसला. पाखरं हाकलून बसला असेल, म्हणून आधी हळदीचं दूध झालं, मग ज्येष्ठमध झालं. दोन महिन्यांनी रविंद्रनं त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं की कंठात कॅन्सर आहे. कंठच काढावा लागेल. जीव वाचायची आशा आहे, बोलणं मात्र जाईल.

घरी आल्यावर नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चाळीस वर्सं बायकूनं बोलू दिलं न्हाई. आता डाक्टर बी तिलाच सामील झाला."

रंगुबाई उठून आत गेल्या, बुद्धमूर्तीपुढं बसल्या आणि मनाशी एक निश्चय करून उठल्या. ह्यांचा गळा बरा होईपर्यंत एकाही पौर्णिमेला तसूभरही शील ढळू द्यायचं नाही.

रविंद्रला हे कळलं तेव्हा तो चिडला. "आई, धम्मात नवस नसतो. तुला एवढंही कळत नाही?"

"नवस कुटं केला मी?" रंगुबाई म्हणाल्या. "शील पाळतीय. ते तरी तुज्या धम्मात हाय का न्हाई?"



ऑपरेशन फेब्रुवारीच्या सहा तारखेला, मंगळवारी ठरलं. सोमवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं. रविंद्रनं मनाशी बेत केला, की आदल्या रविवारी सगळ्यांनी मिळून पुणं बघायचं. शनिवारवाडा, पेशवे पार्क आणि संध्याकाळी नाटक. बावड्याच्या जत्रेची गोष्ट नानांनी त्याला लहानपणी शंभरदा सांगितलेली. त्यानं येरवड्याच्या मेव्हण्याला चिठ्ठी पाठवून आठव्या रांगेतली सहा तिकिटं काढवली. रविवार आहे, शाळेला सुट्टी आहे, एवढंच त्यानं बघितलं. चार फेब्रुवारीला माघ पौर्णिमा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

शनिवारी नाना आणि रंगुबाई कळसहून बारामतीला आले तेव्हा त्यानं तिकिटं नानांच्या हातावर ठेवली. नानांनी ती दिव्याजवळ नेली, उलटीसुलटी केली, आकडे मोठ्यानं वाचायला गेले तर आवाजच फुटेना. मग बोटानंच दोन आकडे रंगुबाईंना दाखवले. अकरा आणि बारा. शेजारीशेजारी.

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नानांचा चेहरा बघून रंगुबाईंची जीभ उचलेना. सकाळी पांढरं लुगडं बघून त्यांच्या ध्यानात येईलच, असं त्यांनी मनाला समजावलं. पहाटे त्यांनी बुद्धमूर्तीपुढं बसून शील घेतलं आणि पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या. नानांनी ते बघितलं. त्यांना वाटलं, आजच्या दिवस ती संध्याकाळी सोडून देईल. रंगुबाईंना वाटलं, हे समजून घेतील. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना न विचारताच सगळं ठरवलेलं होतं, तसंच हेही ठरवलं.

सून प्रियदर्शनीनं तेवढं हळूच विचारलं, "आई, आज पौर्णिमा ना? मग नाटकाचं?"

"बघू की," रंगुबाई म्हणाल्या. "आदी एस.टी. तर गाठू."

एस.टी.त रविंद्रच्या ध्यानात आलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, मग सावरून घ्यायला म्हणून थट्टेनं बोलला, "ह्या सीटवर बसलीस ते चालतं वाटतं? ही पण गादीच."

"गादी? त्यातला काथ्या टोचतोय मला सुप्यापासनं," रंगुबाई म्हणाल्या. नाना खिडकीशी खांदे हलवत हसले. हसताना त्यांच्या गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज आला.

दिवस चांगला गेला म्हणायचा. शनिवारवाड्याच्या दरवाजाचे खिळे नातवानं, विकीनं, पन्नासपर्यंत मोजले आणि सोडून दिले. नाना कारंज्याच्या कोरड्या हौदापाशी उभे राहून म्हणाले, "एवढा वाडा, आन आत निस्तं गवात." बोलताना ते मधेच थांबायचे, श्वास ओढायचे, मग वाक्य पुरं करायचे. पेशवे पार्कात छोट्या गाडीत नात दिशा त्यांच्या मांडीवर बसली. साडेअकराला झाडाखाली पंचा पसरून रंगुबाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. नानांना भाकरी गिळवत नव्हती. त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात-वरण आणलं होतं, तेही अर्धं राहिलं.

तीनच्या सुमाराला विकीनं भेळेचा पुडा पुढं केला. "आज्जी, घे ना."

"बारानंतर आजीला नुस्तं पानी," नानाच म्हणाले. "तुज्या आजीचं घड्याळ चावीवर चालत न्हाई बाबा."

म्हणजे नानांच्या मनात दिवसभर तेच होतं.

नाट्यगृह नदीच्या बाजूला होतं. बाहेर फलक, फाटकाशी गजऱ्यांच्या पाट्या, कडक इस्त्रीची माणसं, साड्यांची सळसळ. दारावरच्या माणसाजवळ पोचेपर्यंत कुणी पौर्णिमेचं नाव काढलं नाही. तिथं रंगुबाई थांबल्या.

"तुमी जावा आत. मी हितं पायरीवर बसते."

नानांनी आधी ऐकलंच नाही असं केलं आणि त्यांचं मनगट धरलं. "चल. घंटा झाली एक."

"आवं, पुनव हाय."

"ठावं हाय मला."

"मग वडू नका."

रविंद्र मधे पडला. "आई, आजच्या दिवस. विहारातल्या भन्तेजींना मी स्वतः विचारून घेईन. एवढं काही..."

"रविंद्र, तू पोरांना घिऊन हो फुडं," नाना म्हणाले. त्यांनी सगळा आवाज एकवटला तरी तो कुजबुजीएवढाच निघाला. मग रंगुबाईंकडं वळून म्हणाले, "बावड्याची जत्रा आठवती का गं?"

"आठवती."

"मग?"

"म्हणून तर. तुमी वाचावं म्हणून करतीया मी हे."

"वाचून काय करू? मुका?"

रंगुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय हलला नाही. दुसरी घंटा झाली. मागची माणसं "जरा बाजूला व्हा" म्हणायला लागली. प्रियदर्शनीनं सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना आत नेलं. जाता जाता नानांनी मागं वळून बघितलं. कसं, ते रंगुबाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

त्या पायरीवर बसल्या. आतून घोषणा ऐकू आली, मग एकदम हशा. हसण्याच्या मागोमाग एका बाईचा खणखणीत आवाज आला, तशा त्या उठल्या आणि लांब, फाटकाजवळच्या झाडाखाली जाऊन बसल्या. मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' असं तिसरण म्हणायला लागल्या. हशा तिथंही यायचा, पण शब्द यायचे नाहीत. सूर्य झाडांमागं गेला. आत अकरा नंबरवर नाना बसले असतील, बारा नंबर रिकामी असेल, आणि तिच्यावर त्यांनी आपली टोपी ठेवली असेल असं त्यांना वाटत राहिलं.

मध्यंतर झालं तशी माणसं चहाला बाहेर आली. नाना एकटेच आले. भराभर, जवळजवळ पळत, कडेकडेनं वाट काढत. चेहरा फुललेला. किती महिन्यांत रंगुबाईंनी त्यांना असं बघितलं नव्हतं. ते धापा टाकत शेजारी जमिनीवरच बसले.

"आगं रंगू, काय मजा झाली, ऐक तरी. त्यो म्हातारा हाय ना, त्यो म्हनला..."

रंगुबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"नका सांगू."

नानांचे ओठ तळव्याखाली अजून हलत होते.

"ऐकलं तरी मोडतं. आजच्या रातीचा तर प्रश्न हाय. उद्या दिस उगावला की पैलं हेच सांगा. समदं सांगा, सोंग काढून दावा. उद्याचा आख्खा दिस हाय आपल्याला, दवाखान्यात निस्तं बसूनच तर ऱ्हायचंय."

नानांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले. "उद्या."

घंटा झाली तरी ते उठले नाहीत.

"जावा की. तिकीट वाया जातंय."

"एकल्यानं बघाया न्हवतो आलो."

दुसरा अंक त्यांनी बाहेरच काढला. गार वारं सुटलं. रंगुबाईंनी आपली शाल काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली. थोड्या वेळानं नाना गुणगुणायला लागले. जलशातली जुनी चाल असावी. घोगरी, तुटक, सूर सापडला न सापडला असा. ही गाण्यात धरायची का नाही, ते रंगुबाईंना कळेना. कुणाला विचारावं तर जवळ कुणी नव्हतं.

"आवं," त्या एवढंच म्हणाल्या.

नाना थांबले.

मुक्काम येरवड्याला प्रियदर्शनीच्या भावाकडं होता. पहाटे नानांचा श्वास अडला. गळ्यातली शीळ वाढत गेली आणि ते उठून बसले. दोन्ही हातांनी कॉट धरून ठेवलेली, डोळे मोठे झालेले. काहीतरी सांगत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. रविंद्र आणि त्याच्या मेव्हण्यानं रिक्षात घातलं. मागच्या सीटवर नानांचं डोकं रंगुबाईंच्या खांद्यावर होतं. ते त्यांच्या लुगड्याचा काठ ओढत राहिले. "बोलू नका," रंगुबाई म्हणत होत्या, "बोलू नका, पोचलोच."

डॉक्टरांनी थेट आत नेलं. रंगुबाई बाकाशेजारी भिंतीला टेकून खाली बसल्या. समोरच्या खिडकीतून दवाखान्याची भिंत दिसत होती. आधी काळी, मग राखाडी, मग तिच्या कडेवर ऊन आलं. शील सुटलं. आता ऐकायला त्या मोकळ्या होत्या.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. गाठ एकदम वाढून श्वासाची वाट बंद झाली होती, ते म्हणाले, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. जीव वाचलाय. कंठ काढायचं ऑपरेशन आता आठवड्यानं करू.

"वाऱ्यात बसल्यानं झालं का?" रंगुबाईंनी विचारलं.

"नाही हो आजी. ते होणारच होतं. आज नाहीतर उद्या."

त्यांनी मान हलवली. आत गेल्या तेव्हा नानांच्या गळ्यातल्या नळीतून श्वास सूंऽऽ सूंऽऽ करत येत-जात होता. रंगुबाईंना बघून त्यांनी ओठ हलवले, मग हात हवेत जरासा उचलून परत खाली ठेवला.

नाना त्यानंतर सव्वादोन वर्षं जगले. ऑपरेशन झालं, विजेचे शेकही दिले, कळसला परत आले, बांधावर बसायला लागले. रंगुबाईंनी मागितलं होतं ते मिळालं होतं. विहारात बायका म्हणायच्या, "तुमच्या शिलानं वाचलं बघा." त्या "व्हय" म्हणायच्या आणि वंदनेचं ताट उचलून निघायच्या.

विकीची जुनी पाटी नानांच्या उशाशी असायची. ते तिसरीपर्यंत शिकलेले, लिहायचे. रंगुबाईंना अक्षर येत नव्हतं. "पानी", "दार लाव", "रविंद्र कवा येनार" असलं हातवाऱ्यांतही कळायचं. मे महिन्याच्या सुट्टीत दिशा आली होती, तेव्हा धीर करून रंगुबाईंनी विचारलं, "आवं, त्या दिशी तुमी काय सांगत हुता? नाटकाच्या मधी, भाईर येऊन?"

नानांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ पाटीकडं बघितलं. मग दोन शब्द लिहिले आणि पाटी नातीकडं सरकवली.

"काय लिवलंय गं?"

"काय न्हवतं," दिशानं वाचलं.

नाना हसले. आवाज न करता हसायची आता त्यांना सवय झाली होती. त्यांनी पाटी पुसून टाकली.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ते गेले. रंगुबाई चौथ्या दिवशी पाणी धरायला शेतात गेल्या. पुढच्या माघात रविंद्र आणि प्रियदर्शनी भेटायला आले होते. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. रात्रीची भाकरी थापता थापता रंगुबाई म्हणाल्या, "रविंद्र, ते नाटक तू बगितलंस ना? मला सांग बरं."

रविंद्रनं आठवून आठवून सांगितलं. दोन भाऊ असतात, एका खोलीवरून भांडतात, एकाची बायको नोकरीला जात असते. मध्यंतरापर्यंत आल्यावर रंगुबाईंनी हात वर केला.

"बास. फुडचं ह्यांनी बगितलं न्हाई." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "आन त्यो म्हातारा? त्याचं कायच सांगितलं न्हाईस."

"कुठला म्हातारा?"

"नाटकातला. ह्ये मला त्याचंच सांगाया लागलं हुतं. त्यो म्हातारा काय म्हनला ते."

"नाटकात म्हातारा नव्हताच कुणी आई."

प्रियदर्शनी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. "आई," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हातारे गृहस्थ आपल्या रांगेत होते. तुमच्या रिकाम्या खुर्चीच्या पलीकडे. पडदा उघडायच्या आधी त्यांनी नानांना विचारलं, इथं कुणी बसणार आहे का. नानांनी टोपी ठेवली होती ना खुर्चीवर. नाना काहीतरी म्हणाले, मग ते गृहस्थ काहीतरी म्हणाले, आणि दोघं इतके हसले, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं."

"काय म्हनले?"

"ऐकू नाही आलं. मी पोरांच्या पलीकडे होते."

चुलीत लाकूड सरकवायचं राहून गेलं होतं. रंगुबाईंनी ते सरकवलं.

"मग ते काय नाटक न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही आई."

"गानं बी न्हवतं."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी रंगुबाईंनी ती काढली नाही. त्यांच्या हातावर ओलं पीठ होतं. तो उजवा तळवा त्या चुलीच्या उजेडात धरून बघत राहिल्या, ज्यानं त्यांनी नानांचं तोंड बंद केलं होतं.

दोन दिवसांनी पौर्णिमा होती. पहाटे डेअरीला निघालेल्या माणसांनी वाटेवर पांढरं लुगडं बघितलं आणि सायकली कडेला घेतल्या.